इंद्रेक अंघोळ कुठे करतो

लाह्ती, ३० जून १९९६

प्रिय साल्मेताई,

इंद्रेक येत्या शुक्रवारच्या बोटीने निघतोय. मी नको म्हणून पाहिलं, पेक्कानेही समजावून पाहिलं. पण आदूभाऊजींनी फोनवर त्याच्या कानात काय भरलंय कुणास ठाऊक, पोरगं हवेत आहे. मी म्हटलं, अरे, आपलं पाएमुर्रू गाव म्हणजे काय रे, चुन्याची भट्टी, एक दुकान आणि मॅचला आलेच तर तीनशे लोक. तर म्हणतो, "आई, इकडे फिनलंडमध्ये मी फुटबॉलच्या तिसऱ्या लीगमध्ये बाकावर बसून राहतो. तिकडे वरच्या लीगमध्ये पहिल्या अकरात असेन. तीनशे तर तीनशे."

एकच हंगाम खेळायचा असं ठरलंय. पुढच्या जूनमध्ये त्याने परत यायचं, इथल्या तंत्रशाळेत नाव घालायचं. तुझ्याकडे राहील, कारण दुसरीकडे राहिला असता तर तू जन्मभर मला ऐकवलं असतंस.

एक सांगते, राग मानू नकोस. तो तीन वर्षांचा होता, मी भट्टीवर रात्रपाळी करायचे आणि तो तुझ्याकडे झोपायचा. तेव्हा तो तुला आई म्हणायला लागला होता. तू मला ते हसत हसत सांगितलंस. मला हसू आलं नव्हतं. मी पेक्काशी लग्न करून इकडे आले त्याला बरीच कारणं होती, पण त्यातलं एक तेही होतं. मावशी आहेस, मावशीसारखी राहा.

तो कांदा खात नाही. पाय ओले राहिले की त्याचा घसा धरतो. पत्र लिहायला त्याच्या मागे लाग.

तुझी,
ऊर्वे

*

पाएमुर्रू, २१ जुलै १९९६

प्रिय ऊर्वे,

कांदा खातो. चांगला परतून दिला की दोनदा वाढून घेतो. तुझ्याकडे बहुधा कच्चाच मिळत असेल.

पोरगा सुखरूप पोचला. आम्ही त्याला रस्त्याकडची खोली दिली आहे. आल्या आल्या आदूने त्याला मैदानावर नेलं आणि तिथून थेट आमच्या वाफेच्या न्हाणीत, सौनात. तू आमचा क्लब कधी नीट पाहिलाच नाहीस, म्हणून सांगते. ब्याण्णवच्या वसंतात आदूने भट्टीवरच्या लोकांना घेऊन तो सुरू केला, तेव्हा मैदानावरचे नळ थंडीने फुटलेले होते आणि गावात गरम पाणी कुठेच नव्हतं. पहिल्या मॅचनंतर आदू चिखलाने माखलेली अकरा माणसं माझ्या दारात घेऊन आला. त्यातली नऊ रशियन बोलणारी. हे फुटबॉल तेव्हा त्यांचाच खेळ होता, आपली पोरं बर्फावर घसरण्यात दंग. गोलकीपर गेन्नादी दारातच थांबला आणि आपल्या इकडच्या भाषेत, मोडकंतोडकं, म्हणाला, "वहिनी, आम्ही बाहेरच बादलीने धुतो." मी म्हटलं, आत या, आणि बूट बाहेर काढा. तेव्हापासून दर शनिवारी सौना मीच तापवते. जूनमधल्या मिडसमरच्या सणाला, वाफेत अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधते, एकेका खेळाडूच्या नावाने.

आदूची पद्धत तुला माहीत नसेल. पुढच्या मॅचचा संघ तो सौनातच सांगतो, वरच्या बाकावर बसून, तापलेल्या दगडांवर पाणी टाकत टाकत, अगदी सावकाश. आपलं नाव ऐकायच्या आधी ज्याला वाफ सोसवत नाही आणि जो बाहेर पळतो, तो त्या आठवड्याला बदली खेळाडू. मी बाहेरच्या खोलीत बटाटे वाढत असते, भिंतीतून सगळं ऐकू येतं. गावाच्या आधी संघ मला कळतो. आदूने इंद्रेकचं नाव मुद्दाम शेवटी ठेवलं. गेन्नादीसकट सगळे बाहेर आले, हा आपला वर बसलेला. गेन्नादी म्हणाला, "वहिनी, हा पोरगा तुमच्याच घरचा."

मी म्हटलं, हो.

तुझी,
साल्मे

*

लाह्ती, १ सप्टेंबर १९९६

प्रिय ताई,

क्लबचा इतिहास तू छान लिहिलास, फक्त त्यात मी कुठे दिसले नाही. पहिल्या वर्षी तुमच्या अकरा जणांच्या अंगावर काय होतं ते आठवतंय का? इथल्या बेकरीच्या कामगारांचे जुने शर्ट, मी मागून आणलेले आणि रात्री बसून धुतलेले. दोन हंगाम तुमचे चुन्याचे वीर छातीवर फिनिश पावाचं नाव मिरवत धावले. आदूभाऊजींनी तेव्हा फोनवर माझे आभार मानले होते. तुझ्या तोंडून मी ते अजून ऐकलेलं नाही.

आणि वाफ सोसायला तो इथेच शिकला. पेक्काने शिकवलं.

इंद्रेकचं एकच पत्र आलं. त्यात त्याने लिहिलंय: "मावशी मॅचच्या दिवशी सकाळी लापशीत लोणी जास्त घालते." वीस वर्षं मी ह्याला लापशी खाऊ घातली, लोण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही पठ्ठ्याने. ताई, खोटं कशाला बोलू, मला जळफळाट झाला. ते पत्र मी पेक्कालाही दाखवलं नाही.

गोल किती केले ते तरी कळव. इथल्या पेपरात तुमचं नावसुद्धा नसतं.

ऊर्वे

*

पाएमुर्रू, ६ ऑक्टोबर १९९६

प्रिय ऊर्वे,

शर्टांबद्दल आभार. घे, आता ऐकलंस.

गोल सगळ्यांत जास्त त्याचेच आहेत. राजधानीतल्या संघाविरुद्ध आम्ही बरोबरी केली. पावसात, आणि तीही त्याच्यामुळे. मॅच संपल्यावर लोक उठलेच नाहीत. दुकानातली लेइदा, जिला चेंडू गोल असतो एवढंच माहीत आहे, ती मला म्हणाली, "तुमच्या मुलाने आज लाज राखली." मी तिला दुरुस्त केलं नाही. पावसात उभं राहून कोण समजावत बसणार.

पुढच्या वसंतात क्लबला पाच वर्षं होतील म्हणून सांस्कृतिक भवनात फोटोंचा फलक लावलाय. पहिला फोटो आमच्या सौनाच्या दारातल्या पहिल्या अकरा जणांचा आहे. तुझ्या बेकरीचं नाव त्यात स्वच्छ वाचता येतं, तेव्हा कुरकुर करू नकोस.

नोव्हेंबर ते एप्रिल मॅच नाहीत, जमीन गोठलेली. त्यांचा सराव शाळेच्या व्यायामशाळेत चालेल. तो तब्येतीने ठीक आहे. हल्ली संध्याकाळचा जरा बाहेर असतो, तरुण आहे.

साल्मे

*

लाह्ती, ५ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,

मॅच नाहीत तर त्याला ख्रिसमसला इकडे पाठव. बोटीचं तिकीट मी त्याच्या नावाने काढून पाठवलंय, बावीस तारखेचं. त्याची खोली पेक्काने नव्याने रंगवली. फोन केला तर तुझ्याकडे कुणी उचलत नाही, नाहीतर तू उचलतेस आणि म्हणतेस की तो आत्ताच बाहेर पडला. दर वेळी आत्ताच कसा गं बाहेर पडतो?

तू त्याला अडवू नकोस. एवढीच विनंती आहे. तुझ्याकडे आदूभाऊजी आहेत, सगळा संघ आहे, दर शनिवारी घर भरलेलं असतं. माझ्याकडे पेक्का आहे आणि तो दिवसाला चार वाक्यं बोलतो. मला माझा मुलगा एका आठवड्यापुरता हवाय.

ऊर्वे

*

पाएमुर्रू, २ जानेवारी १९९७

प्रिय ऊर्वे,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

इंद्रेक आला नाही ह्याचं तुला वाईट वाटलं असणार. त्याने तुला फोनवर सांगितलंच आहे की सराव बुडवता येत नाही. इथला ख्रिसमस शांत झाला. रक्ताचे सॉसेज छान जमले होते, आंबवलेली कोबीही. संध्याकाळी सौना, मग स्मशानात जाऊन आईबाबांना मेणबत्त्या लावल्या, तुझ्या वाटचीही लावली. टेबलावर तिघांची पानं मांडली होती. गर्दी नव्हती, पण घर भरल्यासारखं वाटलं.

त्याला इथे बरं वाटतं, ऊर्वे. त्यात माझा काय दोष.

साल्मे

*

लाह्ती, २० जानेवारी १९९७

साल्मे,

तुझा दोष काय ते मी सांगते. तुला मूल झालं नाही म्हणून तू माझं घेतलंस. एकदा तीन वर्षांचा असताना घेतलंस आणि आता वीस वर्षांचा असताना. तिघांची पानं. ते वाक्य लिहिताना तुला किती सुख झालं असेल ते मला इथे बसून दिसलं. ख्रिसमसच्या रात्री मी त्या नव्या रंगाच्या खोलीत जाऊन बसले होते, रंगाचा वास अजून गेला नव्हता. आणि तू तिकडे पोराला सॉसेज वाढत होतीस.

माझ्यासाठी मेणबत्ती लावलीस त्याबद्दल धन्यवाद. मी अजून जिवंत आहे.

उत्तर पाठवू नकोस.

ऊर्वे

*

पाएमुर्रू, २७ एप्रिल १९९७

प्रिय ऊर्वे,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस म्हणून तीन महिने पाठवलं नाही. तू जे लिहिलंस ते वाचलं. एकदाच वाचलं आणि चुलीत घातलं. त्यावर बोलायचं नाही.

आता कामाचं. मॅच पुन्हा सुरू झाल्यात आणि आम्ही हरत सुटलोय. भट्टीचा नवा मालक सूटबूट घालून येऊन बजावून गेला: वरच्या लीगमधून खाली घसरलात तर भट्टीकडून क्लबला छदामही मिळणार नाही. म्हणजे क्लब संपला. आदू रात्री झोपत नाही, बटाट्यांकडे बघत बसतो आणि मग म्हणतो, "गेन्नादीच्या गुडघ्याने दगा दिला." सगळा भार इंद्रेकवर आहे. तो चांगला खेळतोय, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नाही. मी काही सांगितलं तर ऐकत नाही.

शेवटची मॅच चौदा जूनला, आपल्याच मैदानावर आहे. बरोबरी झाली तरी आम्ही वाचतो. तू ये. तुझ्या शिव्या मी खाल्ल्या, आता तू माझ्या हातचं खा. आणि नंतर त्याला घेऊन जायचं तर घेऊन जा. मी बोटीपर्यंत पोचवायला येईन.

साल्मे

*

लाह्ती, २९ जून १९९७

प्रिय ताई,

परत येऊन दोन आठवडे झाले, आज लिहायला बसलेय. तिथे असताना तू आणि मी फक्त बटाट्यांबद्दल आणि हवेबद्दल बोललो. आपल्या घरात हे असंच. समोरासमोर बसलो की तोंडाला कुलूप, म्हणून लिहिते.

मी मैदानावर आले तेव्हा तू कुंपणापाशी त्याचं जाड जॅकेट हातावर घेऊन उभी होतीस. माझ्या पिशवीतही एक होतं, लाह्तीहून आणलेलं, नवं कोरं. तुझं बघून मी माझं बाहेर काढलं. तू बघितलंस. मग आपण दोघी दोन जॅकेटं घेऊन नव्वद मिनिटं शेजारी शेजारी उभ्या राहिलो. एवढी तुझ्या जवळ मी आईच्या अंत्ययात्रेलाही उभी नव्हते.

शेवटी कॉर्नर मिळाला आणि त्याने डोक्याने बरोबरीचा गोल केला. आदूभाऊजी गवतावर बसले ते उठलेच नाहीत. इंद्रेक दोन्ही हात पसरून धावत निघाला, सरळ आपल्या दिशेने. मला वाटलं, माझ्याकडे येतोय. ताई, तू एक पाऊल पुढे टाकलंस ते मी पाहिलं. मी दोन टाकली. मी तुला कोपराने ढकललंसुद्धा, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

आणि तो आपल्या दोघींच्या मधून कुंपणावरून वाकला आणि मागे बिअरच्या खोक्यावर उभ्या असलेल्या मुलीला त्याने मिठी मारली. माझ्या खांद्याला त्याच्या शर्टाचा चिखल लागला, बस, तेवढाच.

तू म्हणालीस, "रिम्मा. गेन्नादीची मुलगी." जणू दुधाचा भाव सांगत होतीस. तेव्हाच मला कळलं की हे तुला आधीपासून माहीत होतं. संध्याकाळी सगळा संघ सौनात आला, ओरडत, गात. इंद्रेक तेवढा आला नाही. तू दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होतीस, आणि बाकीच्यांपैकी कुणीच बघत नव्हतं. म्हणजे त्याचं न येणं त्यांच्या सवयीचं झालं होतं.

ताई, ख्रिसमसला तो तुझ्याकडे नव्हता ना?

ऊर्वे

*

पाएमुर्रू, १० जुलै १९९७

प्रिय ऊर्वे,

आला होता. पण तिघांची पानं मांडली त्यातलं एक तसंच उचललं.

सगळं सांगते. ऑक्टोबरपासून चालू होतं. गेन्नादी राहतो त्या भट्टीच्या चाळवजा इमारतीत गरम पाणी पुन्हा आलंय आणि त्यांनी न्हाणीघरात टब बसवलाय. मॅच संपली की इंद्रेक तिकडे जाऊन टबात अंघोळ करायला लागला. टबात, ऊर्वे. स्वतःच्याच मळात बसून राहायचं त्याला अंघोळ म्हणतात. मी दर शनिवारी सौना तापवायचे, आदू वरच्या बाकावरून संघ सांगायचा, आणि इंद्रेकचं नाव तो हजर नसतानाच घ्यायचा. आदूने स्वतःचा नियम त्याच्यासाठी मोडला. गोल करणाऱ्याला सगळं माफ.

ख्रिसमसला मी म्हटलं, आज तरी येईल. सकाळपासून लाकडं घातली. संध्याकाळी आला तो केस ओले, अंगाला त्या मुलीच्या गुलाबी शाम्पूचा वास. अंघोळ करून आला होता. ख्रिसमसच्या सौनाला अंघोळ करून. मला म्हणतो, "मावशी, मी जेवून आलोय, तिच्या आईने खूपच वाढलं." उभ्या उभ्या एक सॉसेज खाल्लं, आदूशी हात मिळवला आणि गेला. माझ्या आयुष्यात मला कुणी असं मारलेलं नाही.

मग तुला लिहायला बसले. खरं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, तुलाही नाही जमलं. ते मला सोसलं नसतं. त्यापेक्षा तू मला चोर समजलीस ते परवडलं. तू ते भयंकर पत्र पाठवलंस ना, मूल झालं नाही वगैरे, ते वाचून मी रडले, आणि रडता रडता मला थोडं बरंही वाटलं. निदान जगात एका माणसाला तरी वाटत होतं की तो माझा आहे.

मुलगी वाईट नाही. कामसू आहे, भट्टीच्या कचेरीत बसते, आपली भाषा बापापेक्षा बरी बोलते. मला "मावशी" म्हणते. मी अजून ओ दिलेली नाही.

साल्मे

*

लाह्ती, २४ ऑगस्ट १९९७

प्रिय ताई,

त्या पत्रातलं ते वाक्य मी परत घेते. कागदावरचं परत घेता येत नाही, तरी घेते.

तुला कळलं असेलच. डेन्मार्कच्या कुठल्याशा क्लबचा माणूस त्या शेवटच्या मॅचला आला होता म्हणे. इंद्रेक मला फोनवर म्हणाला, "आई, तिथे जायचं नक्की झालं." मी विचारलं, आणि तंत्रशाळा? मग विचारलं, आणि रिम्मा? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच आलं, ती त्याच्याबरोबर जातेय. दोघं बोट बदलायला हेलसिंकीत उतरले, तेव्हा मी पेक्काला गाडी काढायला लावली. धक्क्यावर त्यांच्याबरोबर थोडा वेळ उभी राहिले. तिने त्याच्या गळ्यातला मफलर सारखा केला, मी हात पुढे करणार एवढ्यात. तिला ठाऊक नाही की त्याचा घसा धरतो. तरी नेमका मफलरच सारखा केला.

पेक्का परतीच्या वाटेवर म्हणाला, "बरी आहे पोरगी." मी घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

आता त्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवलंय. आदूभाऊजी कसे आहेत? इंद्रेकशिवाय काय करणार तुम्ही?

ऊर्वे

*

पाएमुर्रू, २१ सप्टेंबर १९९७

प्रिय ऊर्वे,

काय करणार, खेळतोय. क्लब जिवंत आहे, भट्टीवाला तोंड वाकडं करून का होईना, ह्या वर्षीही आमच्या पाठीशी आहे. इंद्रेकचा नऊ नंबरचा शर्ट आदूने दुकानातल्या लेइदाच्या भाच्याला दिला. पळतो खूप, चेंडू सापडत नाही. शनिवारी सगळे येतात, बटाटे संपवतात, गेन्नादीही येतो. तो आता गोलच्या मागे उभा राहून पोरांवर ओरडतो. परवा बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "वहिनी, घर फार मोठं झालंय. टबात कुणी उतरत नाही." मी त्याला आणखी बटाटे वाढले. त्याच्यावर रागावून आता काय करायचं, त्याचीही मुलगी गेलीच.

मात्र एक गोष्ट त्याने सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. पोस्टमन त्याच्या इमारतीत आधी जातो आणि मग आमच्याकडे येतो. हल्ली मी खिडकीत उभी राहून पोस्टमनच्या पिशवीकडे बघते, म्हातारी झाले तरी.

तुझी,
साल्मे

*

लाह्ती, १२ ऑक्टोबर १९९७

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. पोस्टमनबद्दलचं दोनदा वाचलं. इकडे पोस्टमन सकाळी दहाला येतो आणि मी त्या वेळी भांडी घासायची सोडून दारात असते, एवढंच सांगते.

इंद्रेकचं काही कळलं का तुला? सहज विचारते.

ऊर्वे

*

पाएमुर्रू, १९ ऑक्टोबर १९९७

प्रिय ऊर्वे,

सहज विचारतेस म्हणे. मला तुझं सहज ठाऊक आहे.

मला त्याचं पत्र आलेलं नाही. एक ओळही नाही. गेन्नादीला आलं असेल तर तो मला सांगणार नाही, भला माणूस आहे. तुला आलं असेल तर कृपा कर आणि मला कळवू नकोस. आणि आलं नसेल तर लगेच लिही, परतीच्या टपालाने लिही, म्हणजे माझी झोप तरी परत येईल.

तुझी बहीण,
साल्मे